आधी लावलेला पिवळा ठिपका

दुसऱ्याच्या गाडीत मला झोप लागत नाही. लग्नाला निघालेली सगळी मंडळी गप्पा मारत असतात आणि मी समोरच्या डाव्या चाकाकडे कान लावून बसलेला असतो. बायको म्हणते, "प्रवासात तुमचं तोंड बघवत न्हाई, गाडी जशी काय तुमीच डोक्यावर घेतलीय." तिचं चुकत नाही. खड्ड्यातला 'टक्' वेगळा, वळणावरचा 'कुईं' वेगळा, ब्रेक दाबल्यावर येणारा 'खड' आणखी वेगळा. या सगळ्या आवाजांची नावं मला पाठ आहेत. बीडमध्ये बार्शी नाक्याजवळ पस्तीस वर्षं हेच काम केलं. आता रोजच्या कामातून जवळपास बाजूला झालोय, पण कान काही निवृत्त झालेले नाहीत.

या अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, गाडीचा नंबर आणि कामाची यादी, याच्यापलीकडं मी आयुष्यात काही लिहिलेलं न्हाई." ते म्हणाले, यादीच लिहा, आम्ही छापतो. यादी लिहायला बसलो आणि एकाच शुक्रवारापाशी येऊन अडकलो. त्यामुळे जे आहे ते असं आहे.

आधी धंदा समजावून सांगतो. इंजिनवाला मिस्त्री वेगळा आणि मी वेगळा. चाक आणि बॉडी यांच्यामध्ये जे काही असतं ते सगळं माझं खातं. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. शॉकअप त्या स्प्रिंगला नाचू देत नाही. लोखंडी आर्म चाकाला जागेवर धरतात, आणि या लोखंडाला लोखंड घासू नये म्हणून मध्ये रबराची बुशं असतात. रस्ता खराब असेल तर पहिला मार माझ्या खात्याला बसतो, आणि आपल्या जिल्ह्यात रस्त्यांनी मला कधी रिकामं बसू दिलं नाही.

गिऱ्हाईकंही तशीच एकेक. उमापूरचे एक बागायतदार गाडी घेऊन आले, म्हणाले, मागची बाजू लई उड्या मारते. डिकी उघडली तर आत सरकी पेंडीची दोन पोती. म्हटलं, ही कावून? तर म्हणाले, "उड्या मारू नये म्हणून ठेवलीत." दोन वर्षं त्यांनी पेंडीच्या भरवशावर गाडी चालवली होती. दुसरे एक पुढारी. भारदस्त माणूस, कायम मागच्या सीटवर डावीकडे बसणार. त्यांच्या गाडीची डावी बाजू दोन बोटं खाली गेली होती. ड्रायव्हर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मिस्त्री, स्प्रिंग बदला, पण कारण साहेबाला सांगू नका." मी सांगितलं, "साहेब, आता थोडे दिवस उजवीकडं बसून बघा." निवडणुकीचा हंगाम होता. ते का हसले ते मला अजून कळलेलं नाही.

आता त्या ठिपक्याकडे येतो. माझे उस्ताद परभणीचे. त्यांनी मला पाना धरायला शिकवला त्याच्याही आधी एक रिवाज शिकवला. बोल्ट पूर्ण कसला की काडीनं त्याच्यावर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका लावायचा. ठिपका म्हणजे कसला. ठिपका नाही म्हणजे कसला नाही, मग तुम्ही स्वतः शपथ घेऊन सांगितलं तरी. आमच्या गॅरेजात शेवटची तपासणी माझा भागीदार दत्ता करतो. तो बॅटरी घेऊन गाडीखाली जातो, ठिपके मोजतो आणि सगळे भरले की चावी गिऱ्हाईकाच्या हातात देतो. पाना लावून पुन्हा बघायचा नाही, तसा नियमच होता, कारण कसलेला बोल्ट दोघांनी दोनदा ओढला तर तो तुटतो. वीस वर्षं हे असं चाललं. गिऱ्हाईकांनाही माहीत झालं होतं. काही जण गाडी घेताना वाकून बघायचे आणि म्हणायचे, "पिवळं दिसतंय, चला."

गेल्या हिवाळ्यात वडवणीचा सुयश आला. वय अठ्ठावीसच्या आसपास, खत-बियाण्याचं दुकान, वडील नाहीत, घरात आई आणि तो. पुण्याहून त्यानं एक निळी स्पोर्ट्स सेडान आणली होती, वापरलेली पण जपलेली. दिसायला अशी, की आमच्या नाक्यावरचे चहावालेसुद्धा दुकान सोडून बघायला आले. त्याला गाड्यांचे व्हिडिओ करायचा नाद. बरेच लोक ते बघतात म्हणे.

"चाचा, वळणावर हलली न्हाई पाहिजे," तो म्हणाला. "आता लई झुकते. रेल्वेसारखी चालली पाहिजे."

पुण्याला न जाता पोरगा हे काम घेऊन बीडला आला, यानंच माझी छाती फुगली होती. हे आधीच कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्याच फुगण्यातून झालं.

काम म्हणजे काय, तर वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं आणि बॉडी तिकडं कलते. जास्त कलली की आतल्या चाकांची पकड सुटायला लागते. त्यासाठी कडक स्प्रिंगा घालायच्या, त्यांना आवरतील असे भारी शॉकअप घालायचे, डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा स्टॅबिलायझर बार जाड घ्यायचा, आणि पुढच्या लोअर आर्मची जुनी मऊ बुशं काढून घट्ट बसवायची. गाडी थोडी खालीही घ्यायची. सुयशला ती दोन इंच खाली हवी होती. मी म्हटलं, "वडवणीचे स्पीडब्रेकर कोण खाली करणार, तू?" बरीच घासाघीस होऊन आम्ही पाऊण इंचावर आलो. सामानाची खोकी त्यानं पुण्याहून मागवली होती. चाकांचा अँगल स्प्रिंगा चार दिवस चालून बसल्या की लावायचा, असं ठरलं.

दोन दिवस मी आणि दत्तानं ते काम अगदी मन लावून केलं. सुयश मोबाइल घेऊन सतत आजूबाजूला. मी स्प्रिंग दाबतोय, शूट. मी बुश प्रेसमध्ये घालतोय, शूट. मधूनमधून मला प्रश्न विचारायचा आणि मी उत्तरं द्यायचो. शुक्रवारी सकाळी त्यानं विचारलं, "चाचा, नवीन सस्पेन्शन वाजतं का?" मी कॅमेऱ्याकडे बघून मोठ्या रुबाबात सांगितलं, "कडक सस्पेन्शन हाय. पयले दोन-चार दिवस टकटक वाजन. घाबरायचं न्हाई." ते वाक्य मला पुढं दिवसभर ऐकू येणार होतं.

इथं कामातली एक गोष्ट सांगावी लागेल, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. लोअर आर्म जिथं गाडीला जोडतो तिथल्या बुशातून एक लांब बोल्ट जातो. दोन बाजूंचे मिळून चार बोल्ट. गाडी लिफ्टवर असते तेव्हा चाकं खाली लोंबत असतात. त्या अवस्थेत हे बोल्ट कसले तर आतलं रबर लोंबत्या कोनात पकडलं जातं, आणि गाडी खाली ठेवली की पिळवटतं. सहा महिन्यांत फाटतं. म्हणून आधी बोल्ट नुसते घालायचे, नट हातानं फिरवून ठेवायचे, गाडी जमिनीवर चारी चाकांवर उभी करायची, आणि तिचं सगळं वजन चाकांवर आल्यावर मग कसायचे. तेव्हाच ठिपका.

गाडी लिफ्टवर होती. चारी नट हातानं फिरवलेले. टॉर्क रेंच, म्हणजे किती ताकदीनं कसलं ते मोजणारा पाना, मी मुद्दाम लिफ्टशेजारच्या स्टुलावर काढून ठेवला होता, विसर पडू नये म्हणून. तेवढ्यात सुयश म्हणाला, "चाचा, तो पिवळा ठिपका लावतानाचा शॉट पाहिजे. तुमची ओळखच हाय ती. आत्ता खालून उजेड मस्त पडलाय."

म्हटलं, आत्ता नको, गाडी खाली घेतल्यावर लावू. तो म्हणाला, खाली घेतल्यावर काय दिसणार चाचा, अंधार.

बरोबर होतं त्याचं. मी काडी रंगात बुडवली आणि चारी बोल्टांवर एकेक ठिपका लावला. चौथ्या ठिपक्याला मी कॅमेऱ्याकडे बघून मानसुद्धा हलवली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा न कसलेल्या बोल्टावर ठिपका लावला, आणि मनात विचार काय, तर आपला चेहरा बरा दिसत असेल ना.

जुम्याची वेळ झाली होती. हात धुतले आणि दत्ताला ओरडून सांगितलं, "नमाज पढून, जेवून येतो, मग गाडी खाली घेऊ." कंप्रेसर चालू होता. दत्तानं मान हलवली. त्यानं काय ऐकलं, देव जाणे.

परत आलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. लिफ्ट खाली होती आणि मोकळी होती. स्टुलावर टॉर्क रेंच होता तिथंच होता.

"गाडी कुठंय?"

"नेली की सुयशनं," दत्ता म्हणाला. "तासभर झाला. त्याला घाई होती. खाली जाऊन बघितलं, ठिपके भरलेले होते. म्हटलं, तुमी खाली घेऊन कसून परत वर घेतली असन, चावी दिली."

आणि माणूस किती हलका असतो बघा, पहिली गोष्ट मी काय केली असेल तर दत्तावर ओरडलो. "दिसत न्हाई का बे तुला? कसले न्हाईत ते बोल्ट! हातानं फिरवलेत!"

दत्तानं कपाटावरची पिवळ्या रंगाची डबी उचलली, माझ्यासमोर धरली आणि परत ठेवली. त्याच्यापेक्षा त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कुठं गेला तो?"

"वडवणीहून आईला घेणार. धारूरला तिची बहीण हाय, तिच्याकडं सोडणार. घाटातबी व्हिडिओ करायचाय म्हणत होता. वळणं हायत ना."

धारूरच्या घाटात ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. अरुंद रस्ता, वळणामागून वळण, एका अंगाला कडा आणि एका अंगाला दरी. बोल्ट लगेच निखळत नाही. साध्या रस्त्यावर हातानं फिरवलेला नट बराच टिकतो. पण खड्ड्यांचे हादरे, वळणावरचा ताण आणि वर जोरात मारलेले ब्रेक, यांनी नट आट्यामागून आटा मागं फिरत जातो. नट पडला की बोल्ट सरकतो. बोल्ट निघाला की आर्म सुटतो आणि चाक आपल्या मनानं वळतं. स्टेअरिंग धरून बसलेल्याला तेव्हा करण्यासारखं काही उरत नाही.

फोन लावला. बंद. दत्ता म्हणाला, "तो म्हणत होता, रेकॉर्डिंग चालू असताना फोन आला की व्हिडिओ तुटतो, म्हणून विमानवाल्या मोडवर टाकतो." आईचा नंबर कुणाकडे नव्हता. वडवणीच्या नाक्यावर टायरचं दुकान असलेल्या बाळूला फोन केला. म्हटलं, अशी अशी निळी गाडी दिसली तर आडवा हो, थांबव.

"आत्ताच गेली की भाई," बाळू म्हणाला. "पाच मिनिटं बी झाली न्हाईत. मी हात केलता, त्यानं हॉर्न वाजवला. लई भारी बसवलीय तुमी, रस्त्याला चिकटून चालली."

मी टॉर्क रेंच, सॉकेटचा डबा आणि जॅक माझ्या जुन्या व्हॅनमध्ये टाकला. दत्ता चढायला लागला तर त्याला म्हटलं, तू इथंच थांब आणि फोन लावत राहा. खरं म्हणजे मला त्याच्या शेजारी बसायची लाज वाटत होती.

साखर कारखान्यांचा हंगाम चालू होता. रस्त्यावर ट्रॅक्टर, एकेकाला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं गाणी लावलेली. त्यांना मागचा हॉर्न ऐकू येत नाही. मी एकेकाला ओलांडत होतो आणि डोक्यात दुसरंच गणित चाललं होतं. हा खड्डा त्यानं चुकवला असेल का? हा नसेल चुकवला. इथं रस्ता खचलाय, इथं उजव्या चाकाला हादरा बसला असेल. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपून काम केलं, पण इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. सुयशच्या आईला मी कधी पाहिलेलं नव्हतं, तरी ती बहिणीसाठी काहीतरी डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसलीय, असं मला सारखं दिसत होतं. आणि चाक टकटक वाजत असेल. वाजलं तर सुयश काय म्हणणार, हेही मला माहीत होतं. चाचानं सांगितलंय, वाजणार. घाबरायचं न्हाई.

माझ्या पायाखालून जाणाऱ्या रस्त्याची मला शुद्ध नव्हती. वडवणी गेलं. तेलगाव गेलं. तिथल्या पंपावर विचारलं तर एकजण म्हणाला, निळी गाडी इथं लई वेळ शूटिंग करत उभी होती, आत्ताच गेली. दत्ताचे फोन येत होते, "लागला न्हाई. अजून न्हाई लागला." शेवटी मी ते उचलायचे बंद केले.

घाट लागला. पहिल्या वळणाच्या कडेला कठडा तुटलेला दिसला. थांबलो, खाली उतरलो, वाकून पाहिलं. कठडा जुनाच तुटलेला होता, दगडांवर गवत उगवलेलं. तिथं मी अल्लाचं नाव घेतलं आणि एक मन्नतही कबूल केली. काय कबूल केलं ते माझ्यापाशी राहू द्या.

चौथं का पाचवं वळण असेल, रस्ता जरा रुंद होता तिथं निळी गाडी उभी होती. चारी चाकांवर उभी होती. सुयश रस्त्यावर पालथा पडून मोबाइल गाडीखाली घालून काहीतरी करत होता आणि एक बाई पदर खोचून बाजूला उभ्या होत्या. त्यांच्या हातात खरोखरच स्टीलचा डबा होता.

"चाचा!" सुयश उठून उभा राहिला. "तुमी इथं?"

"चावी दे आधी."

"काय झालं?"

"चावी दे म्हणतो ना!"

त्यानं चावी दिली. बाई म्हणाल्या, "भाऊ, तुमीच का ते मिस्त्री? बरं झालं आलात. घाट लागल्यापासनं माझ्या पायाखाली सारखं वाजतंय. ह्याला म्हणते थांब, तर हा म्हणतो नव्या गाडीला वाजणारच. शेवटी मी दार उघडते म्हणलं, तवा थांबला."

"अगं आई, बघितलं ना मी," सुयश म्हणाला आणि त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. "बघा चाचा, हिला हेच दाखवत होतो. आता निघणारच होतो."

व्हिडिओत गाडीचा खालचा भाग होता आणि मागून सुयशचा आवाज. 'मित्रांनो, थोडा आवाज येतोय, पण हे बघा, पिवळा ठिपका. हा ठिपका दिसला की टेन्शन न्हाई. डोळे झाकून चालवायची.' उजेडात तो ठिपका झकास दिसत होता. त्याच्याखाली नट जागेवरून सुटून जवळजवळ बोल्टाच्या टोकाला आलेला होता, तोही दिसत होता. सुयशला तो दिसला नाही, कारण त्याला ठिपका दिसला होता.

मी चाकांना दगड लावले, स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि गाडीखाली सरकलो. पाऊण इंचावर अडून बसलो होतो म्हणून सरकता आलं, दोन इंच खाली घेतली असती तर माझं पोट आत गेलं नसतं. डाव्या आर्मचा मागचा नट शेवटच्या दोन आट्यांवर होता. बोल्ट बोटभर बाहेर. मी त्याला हात लावला तर तो हातात हलला. पुढची दोन-चार वळणं, फार तर. हे मी अंदाजानं लिहीत नाही, हाताला कळतं ते.

बोल्ट ठोकून आत घातला. गाडीचं वजन चाकांवरच होतं, म्हणजे कसायची जागा आणि अवस्था दोन्ही योग्य होती, फक्त गॅरेजऐवजी घाट होता. टॉर्क रेंच लावला. ठरलेल्या जोरावर आला की तो टक् आवाज देतो. एक. दोन. तीन. चौथ्याला सॉकेट दोनदा निसटलं. मग तोही आवाज आला.

बाहेर आलो तर सुयशचा कॅमेरा चालू. "मित्रांनो, सर्विस म्हणजे काय ती बघा! चाचा बीडहून घाटात आलेत, परत कसायला!"

आता खरं सांगतो. तोंडात उत्तर तयार होतं. आमच्या धंद्यात नवं सस्पेन्शन घातलं की थोडं अंतर चालल्यावर बोल्ट परत एकदा कसून बघायचा रिवाज आहे, आणि तो खरा रिवाज आहे. एवढंच म्हणायचं होतं, की परत कसायची वेळ होती म्हणून आलो. कुणाला काही कळलं नसतं. उलट नाव झालं असतं. घाटात धावत येणारा मिस्त्री, पूर्ण मराठवाड्यातून गाड्या आल्या असत्या. मी तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात सुयशच्या आई म्हणाल्या, "पण भाऊ, ठिपका तर आधीच होता की. हा तर म्हणत होता, कसल्याबिगर तुमी ठिपका लावतच न्हाई. मग आता काय कसलं?"

विचारण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मी म्हटलं, "ताई, ठिपका खोटा होता. कसले नव्हते. शूटिंगसाठी आधीच लावला. तुमी याला थांबवलं नसतं तर..." साठीचा माणूस मी, रस्त्यावर, कॅमेऱ्यासमोर, डोळे पुसायला कपडा शोधत होतो आणि हाताला सगळं ग्रीसच लागत होतं.

सुयशचा चेहरा उतरला. त्यानं मोबाइल खाली केला. "चाचा, हे काढून टाकतो. कट करतो."

"नको काढू," मी म्हटलं. "तो पहिला शॉट हाय ना, ठिपक्याचा? त्याच्याच मागं हा लाव."

त्यानं लावला. दोन दिवस विचार केला आणि लावला. त्याच्यानंतर काही गिऱ्हाईकं आली नाहीत. काही मुद्दाम आली. बरेच दिवस गाडी घ्यायला आलेला माणूस दत्ताला म्हणायचा, ठिपका राहू द्या, पाना लावून दाखवा. मला ते टोचायचं आणि टोचायलाच पाहिजे होतं. आता आमच्या गॅरेजात कसणारा ठिपका लावत नाही. मी कसतो, दत्ता माझ्यासमोर टॉर्क रेंच लावून नुसता 'टक्' ऐकतो आणि ठिपका तो लावतो. उस्ताद असते तर त्यांनी हा बदल मान्य केला असता की माझ्या कानाखाली वाजवली असती, सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही केलं असतं. दत्ताची माफी मी त्याच संध्याकाळी मागितली. तो म्हणाला, "भाई, मी बी पाना लावायला पायजे होता." नियम माझाच होता, त्यामुळे ते ऐकून मला आणखीच वाईट वाटलं.

पण घाटातलं राहिलं. सगळं आवरून मी म्हटलं, "ताई, आता बसा गाडीत. आता पक्की हाय, माझी जबाबदारी."

बाई निळ्या गाडीकडे बघत राहिल्या. मग माझ्या व्हॅनकडे बघितलं. अठरा वर्षांची व्हॅन, दाराला दोरी, दुसऱ्यांच्या गाड्या करता करता हिच्याकडे बघायला मला कधी वेळ मिळालेला नाही.

"ही तुमची?" त्यांनी विचारलं.

"हो."

"हिला ठिपका-बिपका न्हाई ना?"

"न्हाई ताई. एकबी न्हाई."

"मग हिच्यातच येते. धारूरपर्यंत सोडा मला. सुयश, तू मागनं ये, हळू."

त्या पुढं बसल्या, डबा मांडीवर घेतला. मी व्हॅन चालू केली. पहिल्याच खड्ड्यात खालून 'टक्' वाजलं आणि त्यांनी दाराची दोरी घट्ट धरली.

"हे काय वाजलं?"

'काही नाही ताई,' असं म्हणायची पस्तीस वर्षांची सवय जिभेवर होती. ती मी गिळली. "स्टॅबिलायझरची लिंक," म्हटलं. "धोक्याची न्हाई, पण बदलायला पाहिजे."

पुढच्या वळणावर 'कुईं' झालं. "आन हे?"

"डाव्या बाजूचं बुश. ते बी गेलंय."

घाटाच्या माथ्यापर्यंत त्या असं एकेका आवाजाचं विचारत राहिल्या आणि मी एकेकाचं नाव सांगत राहिलो. मागं आरशात निळी गाडी वळणावर जराही न झुकता, अगदी रेल्वेसारखी येत होती. कामात खोट नव्हती. धारूर दिसायला लागलं तेव्हा बाईंनी दोरी सोडली, डब्याचं झाकण नीट लावलं आणि म्हणाल्या, "बरं वाटलं भाऊ. काय काय मोडलंय ते तरी कळलं."